लेणी कोणी पोसली?

रोह्याहून घोसाळगड मागे टाकून तळ्याच्या बाजूला उतरत गेलं की राजपुरीच्या खाडीची एक शाखा डोंगरात शिरलेली दिसते. त्या पाण्यावर नजर ठेवून असलेल्या टेकडीत कुड्याची लेणी आहेत. एकूण सव्वीस. दगडात कोरलेल्या खोल्या, निजायला दगडाचेच ओटे, मधूनमधून पाण्याची टाकी आणि काही चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली पूजेची दालनं. सुटीच्या दिवशी तळगड, घोसाळगड आणि कुडा असा एका दिवसाचा फेरफटका करणारे इथे येतात, ओसरीत बसून डबा खातात, खाडीचे फोटो काढतात आणि निघून जातात. भिंतीवर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांकडे फार कोणी थांबून पाहत नाही.

थांबायला हवं. त्यातल्या एका लेण्याच्या भिंतीवर एका घराण्याची हजेरीच लागलेली आहे. सोमदेव नावाचा वैद्य सांगतो की हे लेणं माझं दान आहे. त्याचा बाप इसिरखित, म्हणजे ऋषिरक्षित. तोही वैद्यच, आणि बुद्धाचा उपासक. मग सोमदेव आपल्या मुलांची नावं कोरून घेतो: नाग, इसिरखित, सिवघोस. नंतर मुलींची: इसिपालिता, पुसा, धम्मा आणि सपा. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं आहे. आपल्याकडे आजही अनेक घरांत ठेवतात, तसंच. मुलगे तीन आणि मुली चार, आणि चारही मुलींची नावं दगडावर आहेत. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका वैद्याने आपल्या कमाईतून डोंगर कोरवून घेतला आणि भिक्षूंना देताना सगळं घर बरोबर घेतलं.

लेणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जगापासून लांब, रानात ध्यान लावून बसलेले भिक्षू येतात. पण रायगड जिल्ह्यातली लेणी वाचली की वेगळंच चित्र उभं राहतं. ज्यांनी घरदार सोडलं त्यांचं घर संसारी माणसांनी बांधलं, त्यांनीच ते पोसलं आणि त्या घराशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. तो व्यवहार कसा चालायचा, आणि पुढे थेट चीनच्या राजधानीपर्यंत त्याचे धागे कसे पोहोचले, ते समजून घेण्यासारखं आहे.

खाडी आणि घाट यांच्या मधोमध

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. अंबा नदी पालीवरून, नागोठण्यावरून येते आणि पेणच्या बाजूला धरमतरच्या खाडीला मिळते. कुंडलिका कोलाडवरून, रोहा-अष्टमीच्या मधून वाहत रेवदंड्याला समुद्रात जाते. तिच्या मुखाशी चौल आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात कल्याणनंतर ज्या बंदराचं नाव येतं ते सेमिल्ला म्हणजे हेच चौल. प्राकृतात त्याला चेमुल म्हणत. कान्हेरीच्या लेण्यात दान देणारा एक सराफ आपण चेमुलचे आहोत असं अभिमानाने सांगतो.

या खाड्यांतून होड्या भरतीबरोबर आत येत. जिथे पाणी संपे तिथे माल उतरे आणि बैलांच्या पाठीवर चढून सह्याद्रीकडे निघे. आता लेणी कुठे आहेत ते पाहा. पालीच्या पुढे, सुधागड तालुक्यात, नाडसूरजवळ ठाणाळ्याची तेवीस लेणी आहेत. त्यांच्या अंगाने वाघजाई घाट वर चढतो तो तैलबैलाच्या पठारावर. नेणवलीजवळ खडसांबळ्याची सदतीस लेणी आहेत, तीही घाटाच्या पायथ्याला. महाडला गांधारपाले. कर्जतला कोंढाणे, राजमाचीच्या खाली. आणि कुडा खाडीवर. म्हणजे एक टोक बंदराला आणि दुसरं घाटवाटेला. मधली वाट ज्यांच्या पायाखालची होती ते व्यापारी, तांडेवाले, कारागीर आणि त्यांना आसरा देणारे भिक्षू एकमेकांच्या सोबतीने वाढले.

यात पावसाचाही वाटा आहे. वर्षातले नऊ महिने फिरायचं आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, हा भिक्षूंचा नियम. त्याला वर्षावास म्हणतात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर इथे एका पावसाळ्यात कुजतं. दगडात कोरलेली कोरडी खोली ही इथल्या भिक्षूची खरी गरज होती. तोच पाऊस टाक्यांत साठवला की उन्हाळ्यात पाणी. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात, आणि लेण्याबरोबर पोढीही दान दिली अशी नोंद पुन्हा पुन्हा येते. डोंगरातल्या वाटेवर बारमाही पाणी म्हणजे काय, हे मे महिन्यात सह्याद्री चढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दात्यांची यादी

कुड्याचे लेख पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या शिलालेखांच्या संग्रहात प्रसिद्ध केले. ते वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती ही की तिथे राजे फार थोडे आहेत.

या भागावर महाभोज नावाचे स्थानिक अधिपती होते. कुड्याच्या पहिल्याच लेण्यात मांदव घराण्यातल्या खंदपालिताचा उल्लेख आहे. जवळचं मांदाड गाव त्या नावाची आठवण करून देतं. लेखात त्याला ‘महाभोजी विजयेचा मुलगा’ म्हटलं आहे, आईच्या नावाने, जसा गौतमीपुत्र सातकर्णी ओळखला जात असे. पण त्या लेण्याचा दाता तो नव्हे. दाता आहे त्याच्या पदरचा लेखक सिवभूती आणि त्याची बायको नंदा. लेखक म्हणजे दरबारातला लिहिणारा, कारकून. सहाव्या लेण्यात याच घराची पुढची ओळ सापडते. सिवभूतीचा धाकटा भाऊ सिवम, तोही लेखक. बायको विजया. त्यांच्या मुलांनी शिल्पकाम करवून घेतलं आणि मुलींनी खांब दिले. एका चैत्यगृहाचा खर्च घरात असा वाटून घेतला गेला. गावात सभामंडप बांधताना कोणी लादी घालून देतो, कोणी घंटा देतो, कोणी एक खांब आपल्या आईच्या नावाने उभारतो. ती रीत किती जुनी आहे ते या खांबांपाशी उभं राहिलं की कळतं.

पुढे माळी येतो. शिलालेखातला शब्द ‘मालाकार’. फुलांवर पोट असलेला माणूस लेण्याशी जोडला गेला यात नवल नाही. चैत्याला रोज फुलं लागत. मग एक लोखंडाचा व्यापारी. त्याचं नाव महिक, आणि तो आहे करहाकडचा, म्हणजे आजच्या कराडचा. घाटावरच्या कराडचा लोहवाणी कोकणातल्या खाडीवर येऊन लेणं कोरवतो. एवढ्या एका ओळीवरून त्या काळचा सगळा व्यापारी मार्ग डोळ्यांपुढे उभा राहतो. श्रेष्ठी आहेत, ज्यांचे आपण पुढे शेठ केले. तांड्याचा प्रमुख सार्थवाह आहे. आणि एक ब्राह्मण बाई आहे, भयिला. तिचा नवरा अयितिलू हा ब्राह्मण असून उपासक आहे. भयिलाने चैत्यगृह दिलं आहे.

या नावांत शिव आहे, नाग आहे, ऋषी आहे, धर्म आहे. शिवाच्या नावाचा कारकून बुद्धाचं चैत्यगृह कोरतो, ब्राह्मण घरातली बाई स्तूप उभारते. धर्माधर्मांमधली कुंपणं आज आपण जितकी उंच मानतो तितकी या माणसांनी मानली नव्हती.

भिक्षुणीही दात्या आहेत. पदुमणिका नावाच्या भिक्षुणीने लेणं आणि पाण्याची पोढी दिली. ती सांगते की आपली आई नागणिका हीसुद्धा भिक्षुणी, आपण दोन थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, भाची, आणि या दानात आपल्या शिष्या बोधी आणि असाळ्हमिता सहभागी आहेत. घर सोडलेल्या बाईनेही आई, मामा आणि शिष्या यांची नाती तोडलेली नव्हती. तिच्या हाती दान देण्याएवढं साधन होतं आणि ते कुठे लावायचं हे ठरवण्याची मोकळीकही होती.

आणि ज्यांनी छिन्नी चालवली ते? त्यांची नावं सहसा मिळत नाहीत. पण कर्जतच्या कोंढाण्याला एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. रायगड जिल्ह्यातल्या कारागिराची ही सही दोन हजार वर्षं टिकली आहे.

मुद्दल राहू द्या, व्याज वापरा

लेणं एकदा कोरलं की झालं असं नसतं. भिक्षूंना चीवर लागतं, म्हणजे अंगावरचं वस्त्र. आजारात औषध लागतं. चैत्यापुढे दिवा आणि फुलं लागतात. टाक्यातला गाळ दरवर्षी काढावा लागतो. दाता मेल्यावर हे कोण करणार?

या प्रश्नाला त्या काळच्या समाजाने जे उत्तर दिलं त्याला ‘अक्षयनीवी’ म्हणतात. नीवी म्हणजे गाठीला बांधलेलं मुद्दल. ते अक्षय ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही, आणि फक्त त्याचं उत्पन्न खर्च करायचं. महाडच्या गांधारपाले लेण्यात एका श्रेष्ठीच्या मुलाने लेण्याबरोबर शेतही दिलं ते याच हेतूने, पूजेचा खर्च पुढेही चालत राहावा म्हणून. शेत हे मुद्दल आणि पीक हे व्याज.

पैशाची अक्षयनीवी कशी चाले याचा सगळ्यांत नेटका हिशोब नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या ओसरीत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, संघाच्या नावे ठेवली. ती त्याने भिक्षूंच्या हाती दिली नाहीत. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे ठेव म्हणून दिली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने.

आता कागद-पेन्सिल घ्या. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्षू वीस. प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न् पै जुळते. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद होतात, ते किरकोळ खर्चाला. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त वाढ भोगायची, ही अटही लेखात आहे. हा व्यवहार नगराच्या सभेत ऐकवला गेला आणि फळ्यावर नोंदला गेला. शिवाय कपूर नावाच्या आहारातल्या, म्हणजे प्रांतातल्या, चिखलपद्र गावी नारळाची आठ हजार झाडं दिली. कोकणच्या माणसाला नारळाच्या झाडाची अक्षयनीवी समजावून सांगायची गरज नाही. आजोबांनी लावलेली नारळी नातवाला पैसे देते, हे आपण घरोघरी पाहतो.

या व्यवहारात प्रत्येकाचं काहीतरी साधत होतं. विणकरांना धंद्याला भांडवल मिळालं. भिक्षूंना पैसा न हाताळता वस्त्र मिळालं. दात्याचं पुण्य तो गेल्यावरही चालू राहिलं. नाशिकलाच पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या शक बाईने अशीच ठेव ठेवली ती आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. तिची रक्कम ज्या श्रेणींकडे होती त्यांत पाणी उपसण्याची यंत्रं करणारे होते आणि तेलीही होते. जुन्नरला तर धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनेच सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. एकाने काढलेलं तेल, दुसऱ्याने विणलेलं कापड आणि तिसऱ्याने साठवलेलं धान्य यांच्या उलाढालीवर डोंगरातला दिवा तेवत होता.

तीच कल्पना चीनमध्ये

बौद्ध धर्म चीनमध्ये गेला तो व्यापारी वाटांवरूनच, मध्य आशियातून आणि पुढे समुद्रमार्गेही. त्याच्याबरोबर सूत्रं गेली, मूर्ती गेल्या, तशी ही आर्थिक रीतही गेली. भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथांना विनय म्हणतात. मूलसर्वास्तिवादी पंथाच्या विनयात एक कथा आहे. विहाराच्या डागडुजीसाठी मिळालेली देणगी भिक्षूंनी कोठारात नुसती ठेवून दिली आणि विहार पडझडीला आला. तेव्हा ती रक्कम व्याजी लावण्याची परवानगी बुद्धाने दिली, असं त्या ग्रंथात सांगितलं आहे. अटीही आहेत: कर्जाच्या दुप्पट किमतीचं तारण घ्या, करारपत्र करा, साक्षीदार ठेवा. भारतात येऊन नालंदेत शिकलेल्या यिजिंग या चिनी भिक्षूने, ज्याला आपण इत्सिंग म्हणून ओळखतो, हा विनय आठव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी भाषेत नेला.

पण त्याच्या आधीच चीनमध्ये या विचाराला फळ आलं होतं. सहाव्या शतकात शिन्-शिंग (५४०–५९४) नावाच्या भिक्षूने ‘न संपणारं कोठार’ सुरू केलं. अक्षय या शब्दाचाच तो अर्थ. राजधानी चांगआनमधल्या हुआदू विहारात हे कोठार भरभराटीला आलं. लोक गाड्या भरून रेशीम आणि नाणी आणत, ठेवत आणि नावही न सांगता निघून जात. जमलेल्या द्रव्याचे तीन वाटे होत: एक विहारांच्या दुरुस्तीला, एक भुकेल्या आणि पीडित लोकांना, एक बुद्धपूजेला. गरजूंना तिथून उसनंही मिळे.

त्याआधी, इ.स. ४७६ च्या सुमारास, उत्तर वेई राज्यात थान्-याओ या भिक्षुप्रमुखाने दुसरी व्यवस्था बसवली होती. ठरलेली शेतकरी कुटुंबं दरवर्षी साठ माप धान्य संघाच्या कोठारात भरत आणि दुष्काळ पडला की तेच धान्य उपाशी लोकांसाठी खुलं होई. विहारांच्या मालकीच्या पाणचक्क्या होत्या, तेलाचे घाणे होते, शेती होती. वस्तू गहाण ठेवून पैसे देण्याचा चीनमधला धंदा विहारांतूनच सुरू झाला. आजारी आणि निराधारांसाठी शुश्रूषागृहं होती. सोंग राजवटीच्या काळात कायफंग शहरातल्या श्यांगगुओ विहाराच्या आवारात महिन्यातून पाच वेळा बाजार भरे आणि तिथे पक्ष्यांपासून पुस्तकांपर्यंत सगळं विकायला येई. वाचनाची भूकही विहारांनीच वाढवली. तारीख छापलेला जगातला सगळ्यांत जुना उपलब्ध छापील ग्रंथ म्हणजे इ.स. ८६८ चं वज्रच्छेदिका सूत्र. तो दुनह्वांगच्या गुहांमध्ये सापडला.

म्हणजे सम्राटांच्या चीनमध्ये विहार ही एकाच वेळी पतपेढी होती, धान्यकोठार होतं, दवाखाना होता, बाजार होता आणि वाचनालयही होतं. कुडा-महाडला जे बीज दगडात दिसतं त्याचा तिकडे वटवृक्ष झाला.

वृक्ष फार वाढला तेव्हा

वटवृक्ष फार मोठा झाला की घराच्या भिंतीत मुळं शिरतात. चीनमध्ये तसंच झालं. थान्-याओची धान्यव्यवस्था पुढच्या पिढीत बिघडली. दुष्काळासाठीचं धान्य अधिकारी जबर व्याजाने देऊ लागले, आणि ज्यांना ते तारणार होतं तेच लोक त्याखाली भरडले गेले. हुआदू विहाराचं कोठार आठव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात सम्राट श्वान्-झोंगने बंद करवलं. विहारांच्या जमिनीला कर नव्हता आणि भिक्षूंना वेठ नव्हती. त्यामुळे श्रीमंत घराणी आपल्या जमिनी विहाराच्या नावावर लपवू लागली. सरकारने भिक्षूंची नोंदणी केली आणि प्रव्रज्येचे, म्हणजे भिक्षू होण्याचे, दाखले दिले. तिजोरी रिकामी पडली तेव्हा तेच दाखले विकायलाही काढले.

शेवटी इ.स. ८४५ मध्ये ताओपंथाकडे झुकलेल्या सम्राट वू-झोंगने कुऱ्हाड चालवली. त्याच्या फर्मानात आकडे आहेत: चार हजार सहाशे विहार पाडले, चाळीस हजारांहून अधिक लहान देवळं मोडली, दोन लाख साठ हजार पाचशे भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवलं आणि विहारांच्या पदरचे दीड लाख दास करदात्यांत मोजले. पितळी-कांस्य मूर्ती वितळवून नाणी पाडली, लोखंडी मूर्तींची शेतीची अवजारं केली. पुढच्याच वर्षी सम्राट वारला आणि नव्या सम्राटाने धोरण फिरवलं. धर्म टिकला, पण विहारांचा तो जुना आर्थिक दबदबा परत आला नाही.

त्या फर्मानातला दीड लाख दासांचा आकडा मला सगळ्यांत बोचतो. अक्षय कोठार गरिबासाठी उघडलं होतं, आणि तीनशे वर्षांत त्याच्या दारात माणसंच मालमत्ता होऊन उभी होती. समाजाची सेवा करायला उभी राहिलेली संस्था समाजाकडून सेवा घेऊ लागली की तिचा आधार सुटतो.

आपल्या डोंगरात शांतता का पसरली

कोकणात असं फर्मान निघालं नाही. इथला दिवा हळूहळू मंद झाला. कुड्याच्या सहाव्या लेण्यात पाचव्या-सहाव्या शतकात बुद्धमूर्ती नव्याने कोरल्या गेल्या, म्हणजे तोवर तिथे वस्ती आणि दाते होते. सातव्या शतकात, इ.स. ६४१ च्या सुमारास, चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग महाराष्ट्रात आला तेव्हा इथे शंभराच्या आसपास विहार आणि पाच हजारांच्या घरात भिक्षू असल्याचं त्याने लिहून ठेवलं. कान्हेरीला तर नवव्या शतकातही देणग्या येत होत्या. बंगालकडच्या गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शके ७७५ मध्ये, म्हणजे इ.स. ८५३ च्या सुमारास, शंभर द्रम्म नाण्यांची अक्षयनीवी तिथे ठेवली. चीनमध्ये मूर्ती वितळल्या त्यानंतर आठ वर्षांनी!

पण रायगडच्या लहान लेण्यांकडे देणारे हात कमी होत गेले. रोमशी चालणारा व्यापार आटला. तांडे कमी झाले. श्रेणींचं बळ घटलं. राजांनी दिलेली जमिनींची आणि गावांची दानं ब्राह्मणांकडे आणि नव्या देवळांकडे वळली. माळी, वैद्य, लोहार, लिहिणारे तेच राहिले, पण त्यांची फुलं आता दुसऱ्या गाभाऱ्यात जाऊ लागली. चीनमधल्या विहारांना समाजात नको तितकं रुतल्याची किंमत द्यावी लागली. आपली लेणी समाजाची पाठ फिरल्यावर ओस पडली. विहार आणि वस्ती यांच्यातलं देणं-घेणं दोन्हीकडे सारखंच नाजूक होतं. रान वाढलं, टाकी गाळाने भरली आणि लेख वाचणारं कोणी उरलं नाही. नाडसूर आणि खडसांबळ्याच्या लेण्यांवर हेन्री कझिन्सचा अहवाल निघाला तो १८९१ मध्ये.

ती रीत अजून आपल्यात आहे

तरीही अक्षयनीवी मेली असं मी म्हणणार नाही. कोकणातल्या गावात गावकी असते. देवळाच्या नावावर ताट-वाट्या, मोठी पातेली, सतरंज्या असतात आणि गावातल्या कोणत्याही घरी लग्न निघालं की त्या तिथे जातात. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात आणि सगळं शहर तिच्यामागे चालतं. पेणच्या, हमरापूरच्या, जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांतले हात वर्षभर मातीला आणि रंगाला लागलेले असतात. भाविकाच्या घरातल्या दीड दिवसाच्या पूजेवर त्यांच्या घरची चूल पेटते. आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या बौद्धवाड्यांत पुन्हा विहार उभे राहिले. तिथे वर्षावासात ग्रंथवाचन चालतं, बाबासाहेबांची जयंती होते, कुठे मुलांना संध्याकाळी अभ्यासाला उजेडाची जागा मिळते. ते विहारही वर्गणीतून, थोड्या थोड्या देणग्यांतून उभे आहेत. भिंतीवर लावलेल्या फरशीवर दात्यांची नावं असतात. कोणी आईच्या स्मरणार्थ, कोणी आजोबांच्या. सोमदेव वैद्याने जे केलं, तेच.

म्हणून या लेण्यांकडे आपण फक्त जुने दगड म्हणून पाहू नये. ती या मातीतल्या माणसांनी एकमेकांसाठी केलेल्या ठेवीची पावती आहे. त्या भिंतीवर कोळशाने किंवा खडूने आपलं नाव लिहिणारा तरुण हे विसरतो की तिथे नाव लिहायचा हक्क मिळवण्यासाठी एका माळ्याने आपली कमाई घातली होती.

रोहा, पेण, तळा, पाली इथल्या शाळांनी वर्षातून एकदा मुलांना कुड्याला किंवा ठाणाळ्याला न्यावं. डबा खाऊन झाला की शिक्षकांनी वैद्याच्या लेण्यापाशी उभं राहून ती सात भावंडांची नावं मोठ्याने वाचून दाखवावीत. निघताना टाक्याभोवतीचा प्लास्टिकचा कचरा उचलून आणावा. मुद्दल पूर्वजांनी ठेवलेलं आहे, आणि ते राखणं हे आपलं काम आहे.